शब्द आणि वर्ग यांची सांगड घालणारा ग्रंथपाल : डॉ. शि. रा. रंगनाथन

भारतात दरवर्षी १२ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा अधिकृत नोंदीनुसार हा जन्मदिन. ग्रंथालयात वाचकाला हवा तो ग्रंथ कमीत कमी वेळात कसा मिळावा, या एकाच प्रश्नाचा त्यांनी जवळजवळ अर्धशतक पाठपुरावा केला. या कार्यातील १९४७ नंतरची काही महत्त्वाची वर्षे त्यांनी दिल्लीत घालविली.

आज तोच प्रश्न संगणकासमोर उभा आहे. एकीकडे माहिती रकान्यांमध्ये नेटकी बसविणारा रिलेशनल डेटाबेस असतो, तर दुसरीकडे मजकुरातील कोणताही शब्द क्षणात शोधून देणारे सर्च इंजिन असते. या दोहोंना एकत्र कसे नांदवावे, यावर संगणक अभियंते आज परिश्रम घेत आहेत. रंगनाथन यांनी हाच प्रश्न कागदी पत्रे आणि लाकडी खण यांच्या साहाय्याने हाताळला होता. त्यांचे चरित्र आजच्या वाचकालाही जवळचे वाटावे, याचे हे एक कारण होय.

गणिताचा प्राध्यापक

रंगनाथन यांचा जन्म १८९२ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात शियाळी या गावी झाला. तंजावर हे मराठी वाचकांना भोसले घराण्याच्या राज्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे परिचित असलेले नाव. वडील रामामृत अय्यर यांचे छत्र रंगनाथन सहा वर्षांचे असतानाच हरपले. बालपणी त्यांना तोतरेपणाचाही त्रास होता. तरीही शिक्षणाची ओढ कायम राहिली आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून १९१३ मध्ये बी. ए. आणि १९१६ मध्ये गणित विषयात एम. ए. ही पदवी त्यांनी मिळविली. तेथील प्राध्यापक एडवर्ड रॉस यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला.

१९१७ पासून त्यांनी मंगळूर, कोइम्बतूर आणि मद्रास येथील शासकीय महाविद्यालयांमध्ये गणिताचे अध्यापन केले. ग्रंथालयाच्या व्यवसायाशी त्यांचा तोवर काहीही संबंध नव्हता. मात्र मद्रास विद्यापीठाने पहिल्या ग्रंथपालाचे पद भरावयाचे ठरविले, तेव्हा त्या पदावर रंगनाथन यांची निवड झाली आणि जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले.

नवे काम त्यांना प्रारंभी मुळीच रुचले नाही. वर्गात विद्यार्थ्यांसमोर रमणाऱ्या या शिक्षकाला निर्जन ग्रंथालयातील एकांत असह्य झाला आणि काही दिवसांतच त्यांनी अध्यापनाकडे परतण्याची इच्छा व्यक्त केली. प्रथम इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करावा आणि परतल्यावर निर्णय घ्यावा, असे ठरले. या तडजोडीने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

लंडनमधील खेळणे

१९२४ च्या उत्तरार्धात रंगनाथन लंडनला पोहोचले. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथपालन विद्यालयात त्यांनी वर्गीकरणाचे तज्ज्ञ बेरविक सेयर्स यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. वर्गातील शिक्षणाबरोबरच त्यांनी इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये प्रत्यक्ष पाहिली. बालकांपासून कामगारांपर्यंत समाजातील सर्व थरांतील लोक तेथे वाचावयास येतात, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचे कोठार नसून समाजाचे शिक्षण घडविणारी संस्था होय, अशी त्यांची धारणा येथेच दृढ झाली.

तत्कालीन वर्गीकरण पद्धती मात्र त्यांना अपुऱ्या वाटत होत्या. अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ पासून प्रचारात होती. तीमध्ये ज्ञानाचे विभाग आणि उपविभाग आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिलेले असत. यादीत नसलेला नवा विषय पुढे आला, की त्याला जागा करून देणे कठीण होई.

लंडनमधील सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. धातूच्या काही पट्ट्या, चाके, खिळे आणि नट-बोल्ट एवढ्या मोजक्या सुट्या भागांपासून मुले निरनिराळ्या वस्तू जुळवीत होती. विषयांचेही असेच सुटे भाग करावेत आणि प्रत्येक ग्रंथाचा विषय त्यांतून जुळवून घ्यावा, हा विचार त्यांना त्या खेळण्याने सुचविला. भाग जोडणाऱ्या नट-बोल्टचे काम त्यांनी द्विबिंदू या विरामचिन्हाकडे, म्हणजे कोलनकडे सोपविले. १९२५ मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच त्यांनी या पद्धतीच्या मांडणीस प्रारंभ केला.

मद्रासमधील दोन दशके

मद्रासला परतल्यावर अध्यापनाकडे वळण्याचा विचार मागे पडला. पुढील सुमारे वीस वर्षे रंगनाथन यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वाहून घेतले. त्यांनी वाचकांना कपाटांपर्यंत थेट प्रवेश देणारी मुक्तद्वार पद्धती सुरू केली, ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या आणि संदर्भसेवेला महत्त्व दिले. अत्यंत साधी राहणी आणि सुटीच्या दिवशीही न थांबणारे काम यांसाठी ते ओळखले जात. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता.

त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी रुक्मिणी यांचे अपघाती निधन झाले. पुढील वर्षी त्यांचा शारदा यांच्याशी विवाह झाला. शारदा यांनी त्यांच्या कार्याला अखेरपर्यंत साथ दिली आणि रंगनाथन यांनी पुढे दिलेल्या मोठ्या देणग्या त्यांच्याच नावाने ओळखल्या गेल्या.

१९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथांचा उपयोग व्हावा, प्रत्येक वाचकाला त्याचा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे याचे भान राहावे, असा त्या सिद्धांतांचा आशय आहे. १९३३ मध्ये कोलन वर्गीकरणाची पहिली आवृत्ती, १९३४ मध्ये वर्गीकृत तालिकेची संहिता आणि १९३७ मध्ये वर्गीकरणाच्या तात्त्विक पायाची चर्चा करणारा ग्रंथ, असे मूलभूत लेखन त्यांनी अल्पावधीत केले.

एक तालिका, दोन भाग

रंगनाथन यांच्या तालिकेची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल लक्षात येत नाही. ग्रंथालयाची तालिका म्हणजे ग्रंथांच्या नोंदी असलेली पत्रे. ही पत्रे दोन प्रकारे लावता येतात. विषयांच्या वर्गांकानुसार लावली, तर संबंधित विषय शेजारी येतात, पण वर्गांक ठाऊक नसलेला वाचक गोंधळून जातो. वर्णानुक्रमे लावली, तर शब्द सहज सापडतो, मात्र एकाच विषयाचे ग्रंथ दूर दूर विखुरले जातात.

रंगनाथन यांनी या दोहोंपैकी एकाची निवड केली नाही. त्यांच्या तालिकेत दोन भाग होते. पहिल्या भागात ग्रंथांच्या संपूर्ण नोंदी वर्गांकाच्या क्रमाने असत. दुसऱ्या भागात लेखक, ग्रंथनामे आणि विषयवाचक शब्द वर्णानुक्रमे असत आणि प्रत्येक विषयशब्दापुढे त्याचा वर्गांक दिलेला असे. वाचकाने आपल्या मनातील शब्द घेऊन दुसऱ्या भागाकडे यावे, तेथून वर्गांक घ्यावा आणि पहिल्या भागात जाऊन त्या विषयाचा सारा परिसर पाहावा, अशी ही योजना होती. वर्गांक हा दोन्ही भागांना जोडणारा दुवा होता.

दुसऱ्या भागातील शब्द कोणते असावेत, हे ग्रंथपालाच्या मर्जीवर सोडणे रंगनाथन यांना मान्य नव्हते. त्यासाठी त्यांनी शृंखला पद्धती विकसित केली आणि १९३८ मध्ये ग्रंथालय तालिकेच्या सिद्धांतावरील ग्रंथात तिची मांडणी केली. फुप्फुसांच्या क्षयरोगावरील उपचार या विषयाचे उदाहरण घेता येईल. कोलन पद्धतीत एल हे अक्षर वैद्यक दर्शविते, ४५ हा अंक फुप्फुसे, ४२१ हा क्षयरोग आणि ६ हा उपचार दर्शवितो. हे घटक जोडून विषयाचा वर्गांक तयार होतो.

आता हीच साखळी शेवटच्या कडीपासून उलट वाचावयाची. उपचार या शब्दाखाली क्षयरोग, फुप्फुसे आणि वैद्यक यांच्या संदर्भासह एक नोंद होते. क्षयरोग या शब्दाखाली दुसरी, फुप्फुसे या शब्दाखाली तिसरी आणि वैद्यक या शब्दाखाली चौथी. वाचक यांपैकी कोणत्याही शब्दाने आला, तरी तो योग्य वर्गाच्या दाराशी पोहोचतो. वर्गांक एकदा अचूक तयार झाला, की निर्देशीतील शब्द त्यातूनच क्रमाने निघत. वेगळा अंदाज बांधण्याची गरज उरत नसे.

या व्यवस्थेत एक धोका होता. ग्रंथ हरवला, फाटला किंवा त्याचा वर्गांक बदलला, तर पहिल्या भागातील नोंद दुरुस्त होई, पण दुसऱ्या भागात विखुरलेली त्याच ग्रंथाची पत्रे तशीच राहण्याची शक्यता असे. मग निर्देशी वाचकाला अशा ग्रंथाकडे पाठवी, जो ग्रंथालयात नाहीच. यावर उपाय म्हणून रंगनाथन यांच्या संहितेत मुख्य नोंदीच्या पत्राच्या पाठीमागे त्या ग्रंथासाठी केलेल्या इतर सर्व नोंदींची यादी लिहिण्याचा नियम होता. ग्रंथ काढून टाकताना कर्मचाऱ्याने ती यादी पाहावी आणि एकेक पत्र शोधून मागे घ्यावे, हा त्यामागील हेतू. वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा नियम संपूर्ण तालिकेची विश्वासार्हता टिकवून ठेवीत असे.

दिल्लीतील वर्षे

१९४५ मध्ये रंगनाथन मद्रास विद्यापीठातून निवृत्त झाले. सर्वपल्ली राधाकृष्णन तेव्हा बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू होते. रंगनाथन यांनी तेथे दोन वर्षे काम केले आणि प्रचंड ग्रंथसंग्रहाच्या वर्गीकरणाचा भार स्वतः उचलला. १९४७ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून ते राजधानीत आले.

देश नुकताच स्वतंत्र होत होता आणि फाळणीच्या आघाताने दिल्ली हादरली होती. निर्वासितांचे लोंढे, निवाऱ्याची टंचाई आणि प्रशासनाची नव्याने होणारी उभारणी अशा वातावरणात ग्रंथालयशास्त्र हा कोणालाही तातडीचा विषय वाटण्यासारखा नव्हता. रंगनाथन यांचे मत वेगळे होते. नव्या राष्ट्राला शिक्षण, विज्ञान आणि उद्योग उभारावयाचे असतील, तर जगात निर्माण होणारे ज्ञान गरजूपर्यंत वेळेवर पोहोचविणारी यंत्रणा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

दिल्ली विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण पदविकेपुरते मर्यादित न ठेवता पदव्युत्तर पदवी आणि संशोधन या पातळीपर्यंत नेण्यात आले. १९५७ मध्ये डी. बी. कृष्णराव यांना या विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्रातील पीएच. डी. प्रदान केली. या विषयातील ही भारतातील पहिली पीएच. डी. होय. दिल्ली विद्यापीठाने १९४८ मध्ये रंगनाथन यांना सन्माननीय डी. लिट. देऊन गौरविले होते.

१९५१ मध्ये दिल्लीत ग्रंथालय संशोधन मंडळ आकाराला आले. दर रविवारी रंगनाथन यांच्या निवासस्थानी तरुण ग्रंथपाल आणि विद्यार्थी जमत आणि एखाद्या विषयाचे विश्लेषण, एखाद्या वर्गांकाची रचना किंवा एखादा नियम यांवर तासन् तास चर्चा चाले. दिल्लीतील ग्रंथालयांत पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांची घडण या बैठकींत झाली.

याच काळात कोलन वर्गीकरणाची चौथी आवृत्ती १९५२ मध्ये सिद्ध झाली. पहिल्या तीन आवृत्त्यांमध्ये विषयाचे सर्व घटक एकाच चिन्हाने, म्हणजे द्विबिंदूने जोडले जात. त्यामुळे कोणता अंक वस्तू दर्शवितो आणि कोणता क्रिया, हे चिन्हावरून कळत नसे. चौथ्या आवृत्तीत रंगनाथन यांनी विषयाच्या पैलूंचे पाच मूलभूत प्रकार मांडले. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थल आणि काल हे ते पाच प्रकार. व्यक्तित्वासाठी स्वल्पविराम, पदार्थासाठी अर्धविराम आणि ऊर्जेसाठी द्विबिंदू अशी स्वतंत्र चिन्हे नेमली गेली, तर स्थल व काल यांसाठी बिंदू योजला गेला.

तक्त्यात प्रत्येक रकान्याला स्वतःचे नाव असावे, तशी ही सुधारणा होती. १९५० च्या दशकात भारतात क्षयरोगाच्या उपचारांवर झालेले संशोधन, यासारखा गुंतागुंतीचा विषयही त्यामुळे अवयव, रोग, उपचार, देश आणि काळ अशा वेगवेगळ्या रकान्यांत मांडता येऊ लागला. यांपैकी कोणत्याही पैलूचा स्वतंत्र विचार करणे शक्य झाले.

राजधानीतील संस्था

दिल्लीतील वास्तव्यात रंगनाथन यांचे कार्य विद्यापीठाच्या सीमेबाहेरही विस्तारले. १९४४ ते १९५३ या काळात ते भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्ष होते. भारतीय मानक संस्थेच्या प्रलेखन समितीची धुराही त्यांनी सांभाळली. वैज्ञानिक नियतकालिकांतील लेखांची नोंद, सारांश आणि प्रती संशोधकांना मिळाव्यात, यासाठी राष्ट्रीय पातळीवर एक केंद्र हवे, असा त्यांचा पाठपुरावा होता. युनेस्कोच्या साहाय्याने १९५२ मध्ये दिल्लीत भारतीय राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र स्थापन झाले आणि ते इन्सडॉक या नावाने परिचित झाले. २००२ मध्ये हे केंद्र निस्केअर या संस्थेत विलीन झाले आणि २०२१ मध्ये त्या संस्थेचेही रूपांतर निस्पर या नव्या संस्थेत झाले.

सामान्य वाचकासाठीही दिल्लीत याच सुमारास नवे पर्व सुरू झाले. युनेस्कोच्या सहकार्याने उभारलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते २७ ऑक्टोबर १९५१ रोजी जुन्या दिल्ली रेल्वे स्थानकाच्या परिसरात झाले. ग्रंथालये सर्वांसाठी खुली असावीत, हे रंगनाथन यांनी दोन दशके मांडलेले सूत्र राजधानीत प्रत्यक्ष दिसू लागले.

१९५० मध्ये त्यांनी भारतासाठी तीस वर्षांचा ग्रंथालय विकास आराखडा आणि त्यासोबत ग्रंथालय कायद्यांचे मसुदे प्रसिद्ध केले. या बाबतीत मराठी मुलखाचा इतिहास उल्लेखनीय आहे. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० पासून बडोदे संस्थानात ग्रंथालय चळवळ रुजविली होती, तर कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा संमत केला होता. स्वतंत्र भारतात रंगनाथन यांच्या प्रयत्नांना पहिले यश १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मिळाले. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ मध्ये झाला.

शब्द की वर्ग?

१९५० च्या दशकात माहितीच्या शोधाचे क्षेत्र झपाट्याने बदलू लागले. अमेरिकेत मॉर्टिमर टाउबे यांनी युनिटर्म नावाची पद्धती पुढे आणली. लेखातील सुटे शब्द घ्यावेत, प्रत्येक शब्दाखाली लेखांचे क्रमांक नोंदवावेत आणि शोधाच्या वेळी दोन-तीन शब्दांखालील समान क्रमांक निवडावेत, अशी तिची सोपी रीत होती. वर्गीकरणाचा खटाटोप मुळात हवाच कशाला, असा प्रश्न यातून उभा राहिला.

युरोपात मात्र रंगनाथन यांच्या पैलू पद्धतीला अनुयायी मिळत होते. लंडनमधील वर्गीकरण संशोधन गटाने तिचा पुरस्कार केला. १९५७ मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे भरलेल्या परिषदेत पैलूंवर आधारित वर्गीकरण हा माहितीशोधाचा पाया मानावा, असा विचार पुढे आला. त्या परिषदेत रंगनाथन उपस्थित होते.

या वादाचा निकाल प्रयोगाने लावण्याचा प्रयत्न इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी केला. विमानविद्येवरील १८,००० लेख चार वेगवेगळ्या पद्धतींनी नोंदवून त्यांची तुलना करण्यात आली. या चारांमध्ये पैलू वर्गीकरण आणि युनिटर्म यांचा समावेश होता. १९६२ च्या सुमारास निष्कर्ष हाती आले, तेव्हा चारही पद्धतींचे यश सुमारे ७४ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान होते. सुट्या शब्दांची साधी पद्धती किंचित पुढे आणि पैलू पद्धती किंचित मागे होती. पुढील क्रॅनफील्ड प्रयोगातही मजकुरातील साध्या शब्दांनी चांगली कामगिरी केली.

रंगनाथन यांच्या समर्थकांसाठी हा निकाल अनपेक्षित होता. तो नाकारता येण्यासारखा नाही. आजची सर्च इंजिने मजकुरातील शब्दांवरच उभी आहेत, हे वास्तव त्या प्रयोगाशी सुसंगत आहे. मात्र त्या प्रयोगात शोधणाऱ्याला आपल्या विषयाचे शब्द ठाऊक होते. कर हा मराठी शब्द घेतला, तर तो शासनाला द्यावयाचा कर असू शकतो किंवा हातही. केवळ शब्दाने शोध घेणारे यंत्र दोन्ही अर्थांचे ग्रंथ समोर ठेवते. अर्थशास्त्र हा वर्ग निश्चित केला, की हा गोंधळ मिटतो. शब्द आणि वर्ग यांची सांगड घालण्याचा रंगनाथन यांचा आग्रह याच कारणाने टिकून राहिला.

कोलन पद्धतीच्या मर्यादाही लपून राहिल्या नाहीत. तिचे वर्गांक लांबलचक होत आणि आवृत्तीगणिक होणाऱ्या बदलांमुळे ग्रंथालयांना जुने वर्गांक सुधारणे जिकिरीचे जाई. परिणामी ती मोजक्याच ग्रंथालयांनी स्वीकारली आणि भारतातही ड्यूई यांची दशांश पद्धती अधिक प्रचलित राहिली. रंगनाथन यांचा प्रभाव पद्धतीच्या वापरापेक्षा तिच्या मागील विचारातून अधिक पसरला.

बंगळूर आणि अखेर

दिल्लीतील वास्तव्यानंतर रंगनाथन यांनी काही वर्षे स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे राहून लेखन केले. १९५७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री प्रदान केली. त्याच सुमारास त्यांनी आपल्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन शारदा रंगनाथन अध्यासनाची सोय केली. आयुष्यभर काटकसरीने राहणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी होती.

१९६२ च्या प्रारंभी बंगळूर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आयुष्याचे अखेरचे दशक रंगनाथन यांनी या केंद्राला दिले. १९६५ मध्ये भारत सरकारने ग्रंथालयशास्त्रातील राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली. गणिताशी त्यांचे नातेही तुटले नव्हते. १९६७ मध्ये त्यांनी श्रीनिवास रामानुजन यांच्यावर ग्रंथ लिहिला. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

पत्रांकडून संगणकाकडे

रंगनाथन हयात असतानाच, १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांमध्ये ठेवण्याचा सिद्धांत मांडला. पुढे रिलेशनल डेटाबेस या नावाने तो जगभर रूढ झाला. कॉड यांचा सिद्धांत रंगनाथन यांच्या विचारातून आलेला नाही. तो गणितातील संच आणि संबंध यांवर आधारलेला आहे. तरीही तक्ता आणि शब्दशोध यांना जोडताना येणारे प्रश्न ग्रंथपालांना पूर्वीच परिचित होते.

पूर्ण मजकुरात शोध घेणारे इंजिन प्रत्येक शब्दाची एक निर्देशी तयार करते. तीत शब्दापुढे तो ज्या नोंदींमध्ये आला त्यांचे क्रमांक असतात. नोंदी मात्र डेटाबेसच्या तक्त्यांत असतात. वाचकाने शब्द दिला, की इंजिन क्रमांक शोधते, डेटाबेस त्या क्रमांकांच्या नोंदी काढतो आणि लेखक, वर्ष, भाषा या रकान्यांनुसार त्या गाळून समोर ठेवतो. वर्गांकाच्या जागी नोंदक्रमांक आला, एवढाच फरक. दोन भाग आणि त्यांना जोडणारा एक दुवा ही रचना तीच आहे.

भारतातील ग्रंथालयांनी हा अनुभव टप्प्याटप्प्याने घेतला. युनेस्कोने विकसित केलेली आयसिस ही संगणकप्रणाली येथे १९८० च्या दशकापासून पसरली. तीत मूळ नोंदींची फाइल वेगळी आणि शब्दांची उलटी निर्देशी वेगळी असे. नव्या नोंदी भरल्यावर निर्देशी अद्ययावत केली नाही, तर ग्रंथ नोंदलेला असूनही शोधात येत नसे. दिल्लीतील ग्रंथालयांना संगणकाद्वारे जोडणारे डेलनेट हे जाळे १९८८ मध्ये सुरू झाले, तेव्हा अनेक ग्रंथालयांच्या तालिका एकत्र करण्याचे मोठे काम त्याने हाती घेतले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि आज भारतातही अनेक ग्रंथालयांत वापरली जाणारी कोहा ही मुक्त प्रणाली नोंदी रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवते आणि शोधासाठी स्वतंत्र इंजिनाची मदत घेते. या दोहोंत मेळ राखण्यासाठी बदललेल्या नोंदींची वेगळी यादी ठेवावी लागते आणि त्या यादीनुसार निर्देशी सुधारली जाते.

मुख्य पत्राच्या पाठीमागे इतर नोंदींची यादी लिहिण्याचा रंगनाथन यांचा नियम याच गरजेतून आला होता. डेटाबेसमधून वगळलेली नोंद निर्देशीत शिल्लक राहिली, तर वाचक आजही अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाच्या मागे धावतो. यंत्राचा वेग वाढला, तरी दोन्ही भागांत मेळ राखण्याची जबाबदारी व्यवस्था उभारणाऱ्या माणसाकडेच राहिली आहे.

पैलूंचा विचारही नव्या रूपात परतला आहे. संकेतस्थळावर एखादा शब्द टाकल्यावर बाजूला लेखक, विषय, भाषा, वर्ष किंवा किंमत यांनुसार निवड करण्याची सोय दिसते. या सोयीला संगणकाच्या क्षेत्रात पैलूशोध असेच नाव आहे. वस्तू खरेदी करणारा ग्राहक असो वा ग्रंथ शोधणारा विद्यार्थी, तो प्रथम आपला शब्द देतो आणि मग पैलूंच्या आधारे निवड करीत जातो.

मराठीसारख्या भाषेत हे काम अद्याप अपुरे आहे. ग्रंथालय, ग्रंथालयात, ग्रंथालयांचे अशी एकाच शब्दाची अनेक रूपे होतात आणि ती एकत्र ओळखणारी साधने इंग्रजीच्या तुलनेत कमी आहेत. अनेक गावांतील सार्वजनिक वाचनालयांत जुन्या मराठी ग्रंथांच्या नोंदी अजूनही दाखल नोंदवहीतच आहेत. त्या संगणकावर आणताना केवळ ग्रंथनाम टंकलिखित करून भागत नाही. विषय, लेखक आणि काळ हे रकाने काळजीपूर्वक भरले, तरच उद्याचा वाचक आपल्या शब्दाने त्या ग्रंथापर्यंत पोहोचू शकेल.

दिल्लीतील रविवारच्या बैठकींत रंगनाथन यांनी तरुण ग्रंथपालांना एका वर्गांकासाठी तासन् तास बसविले, ते अशा वाचकाचा वेळ वाचावा म्हणूनच. तो वाचक त्यांना कधी भेटणार नव्हता. राष्ट्रीय ग्रंथपाल दिनी त्यांचे स्मरण करताना त्यांच्या या परिश्रमांचीही नोंद घेणे उचित ठरेल.